पहिली मोटर घेताना : विहिरीपासून बिलापर्यंत, बिलापासून कुलपापर्यंत

विहिरीला पाणी लागलं की दोन दिवस घरात आनंद असतो. तिसऱ्या दिवसापासून जो येतो तो मोटरबद्दल सल्ला देऊन जातो. कोणी म्हणतो पाच एचपीच घे, कोणी एखाद्या कंपनीचं नाव घेऊन बसतो, चुलतभाऊ म्हणतो, दुकान आपल्या ओळखीचं आहे. ज्यांच्या वावरात पहिल्यांदाच मोटर बसणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वडील गेल्यावर शेती अंगावर आलेली पोरं, पुण्याहून परत आलेले, स्वतःच्या नावावर सातबारा असलेल्या आणि सगळे व्यवहार एकटीने करणाऱ्या बाया, असे सगळे त्यात आले.

माझी पहिली मोटर चौदाव्या महिन्यात चोरीला गेली. ठाण्यात पहिला प्रश्न आला, "मोटरचा नंबर काय?" माझ्याकडे नंबर नव्हता. बिल म्हणून दुकानदाराच्या वहीतलं फाडलेलं एक पान होतं, त्यावर 'मोटर १ नग' एवढंच. पुढे काही महिन्यांनी एका भंगारवाल्याकडे चार-पाच मोटरी सापडल्या, ओळख पटवायला मलाही बोलावलं. त्यातली एक माझीच असावी असं आजही वाटतं, पण माझी म्हणून दाखवायला हातात काही नव्हतं. म्हणून या लेखात बिल आणि नंबर हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील.

दुकानात जाण्याआधी विहीर मोजा

एचपी किती, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हेड, म्हणजे पाणी एकूण किती मीटर उचलायचं आहे. मोटर घ्यायला लोक बहुतेक दिवाळीनंतर जातात, तेव्हा विहीर भरलेली असते आणि पाणी हाताशी दिसतं. मोजायचं मात्र एप्रिल-मे मधलं पाणी. दोरीला दगड बांधा, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं ते शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, आणि तो आकडा धरा.

एक उदाहरण घेऊ. विहीर ४० फूट, उन्हाळ्यात पाणी ३५ फुटांवर, म्हणजे साधारण साडेदहा मीटर. वावराचा वरचा धुरा, म्हणजे बांध, विहिरीच्या काठापेक्षा १५ फूट उंच, म्हणजे आणखी साडेचार मीटर. ५००-६०० फूट पाइपलाइनमध्ये पाणी घासत जातं, त्याचे चार-पाच मीटर. झाले वीस मीटर. सऱ्यांनी मोकळं पाणी द्यायचं असेल तर हिशेब इथेच संपतो आणि तीन एचपीची चांगली मोटर हे काम आरामात करते. पण हरभऱ्याला स्प्रिंकलर लावायचे असतील तर नोझलला दोन ते अडीच किलोचा दाब लागतो, आणि तो दाब म्हणजे आणखी २० ते २५ मीटर हेड. तीच विहीर, तेच वावर, आणि हेड झालं ४५ मीटर. आता पाच एचपी लागते आणि ती सेकंदाला चारेक लिटर पाणी देते, म्हणजे आठेक नोझल. ठिबकला दाब कमी लागतो, एक ते दीड किलो. हा हिशेब वहीवर मांडून दुकानात गेलात तर काउंटरमागचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतो. हे मी माझ्या अनुभवाने सांगतो.

मोठी मोटर घेऊन ठेवू, कधी तरी कामी येईल, हा विचार विहिरीवर उलटतो. विहिरीला झरा तासाला जेवढं पाणी देतो त्यापेक्षा मोटर जास्त ओढायला लागली की अर्ध्या-पाऊण तासात ती कोरडी फिरते, आणि कोरडी फिरली की जळते. मोटर झऱ्याच्या मापाची हवी.

आपला विदर्भही सगळीकडे सारखा नाही. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात बोअर शेकडो फूट खोल गेलेत, तिथे विहिरीच्या मोटरचा हिशेब चालत नाही. बोअरच्या आत जाणारी सबमर्सिबल लागते, आणि ती किती इंची बोअरमध्ये उतरेल ते आधी पाहावं लागतं. चार इंचीला व्ही-४, सहा इंचीला व्ही-६. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं. तिथे साधं बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं अंग लवकर खाल्लं जातं, म्हणून पंप, पट्टी आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतील तर चार पैसे जास्त द्यावेत. भंडारा-गोंदियाकडे धानाला दाब नको, पाणी भरपूर हवं. तिथे कमी हेडची, जास्त पाणी फेकणारी मोटर शोभते.

मोटरवरची पाटी वाचा

प्रत्येक मोटरवर एक पाटी असते. दुकानात उभं राहून ती पूर्ण वाचा, फोटो काढा. तिच्यावर हेडची मर्यादा असते, उदाहरणार्थ ३० ते ५५ मीटर. तुमचा आकडा त्या दोन टोकांच्या मधोमध कुठे तरी बसला पाहिजे. अगदी काठावर असेल तर ती मोटर तुमची नाही.

मग आयएसआयचा शिक्का. नुसता शिक्का पाहून भागत नाही. बोअरच्या सबमर्सिबलसाठी शिक्क्यावर आयएस ८०३४ आणि विहिरीतल्या ओपनवेल सबमर्सिबलसाठी आयएस १४२२० हा क्रमांक असतो, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये हा परवाना क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावावर, कशासाठी दिलेला आहे ते दिसतं. ओळखीच्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून विकलेला माल तालुक्याच्या बाजारात भरपूर आहे. तो इथे पकडला जातो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि रेंज नसेल तर दुकानाबाहेर येऊन करा.

पाटीवर अँपिअरही लिहिलेले असतात. थ्री फेज मोटरला एका एचपीला दीड अँपिअर हा ढोबळ हिशेब, म्हणजे पाच एचपीला सात-साडेसात. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे, लिहून ठेवा.

बिल

आता महत्त्वाचं. मोटर ठरली, भाव ठरला, की दुकानदार हमखास म्हणतो, "भाऊ, पक्कं बिल कायले पाह्यजे? उगाच जीएसटी लागंन. काई झालं तं आपलं दुकान हाये ना!" बोलणं प्रेमाचं असतं, माणूसही बहुधा वाईट नसतो. तरी ऐकू नका. खोक्यावर छापलेल्या एमआरपीमध्ये सगळे कर आधीच धरलेले असतात. कर वेगळा लावून एकूण रक्कम एमआरपीच्या वर जात असेल तर ती द्यायची गरज नाही. उधारीवर घेत असाल, कापूस विकल्यावर पैसे देणार असाल, तरी बिल त्याच दिवशी मागा. उधारी हा तुमचा आणि त्याचा हिशेब आहे, बिल हा मोटरचा जन्मदाखला.

बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर २७ ने सुरू होतो. मोटरचं मॉडेल, एचपी आणि तिचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. छापील बिलात नंबराची जागा नसेल तर दुकानदाराला पेनाने लिहायला लावा आणि त्यावर सही-शिक्का घ्या. मग बिलावरचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि मोटरच्या पाटीवरचा नंबर हे तिन्ही एकच आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माझ्या एका शेजाऱ्याच्या खोक्यात वेगळीच मोटर निघाली होती. कळलं दहा महिन्यांनी, वॉरंटीत द्यायला नेली तेव्हा.

बिल कोणाच्या नावाने? ज्याच्या नावाने सातबारा आणि वीज कनेक्शन, त्याच्याच नावाने. आपल्याकडे शेत बाईच्या नावावर आणि बिल भाच्याच्या, जावयाच्या नावावर, असं सर्रास होतं, कारण दुकानात तो गेलेला असतो. नंतर विमा असो, तक्रार असो, प्रत्येक टेबलावर तुमचं नातं समजावून सांगत बसावं लागतं. ताई, बिल स्वतःच्या नावाने घ्या.

वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथल्या तिथे. आणि त्या कार्डाची मागची बाजू वाचा. बहुतेक कंपन्या कारखान्यातला दोष भरून देतात. कमी व्होल्टेज, एक फेज जाणं, मोटर कोरडी फिरणं, यांमुळे जळालेली वायंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, त्यात सहसा बसत नाही. आणि आपल्याकडच्या मोटरी जळतात त्या याच कारणांनी. म्हणून पुढची पायरी.

घरी आलात की बिल, कार्ड आणि पाटी यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर पाठवा. दुकानाच्या मशीनवर निघणारं गुळगुळीत कागदाचं बिल सहा महिन्यांत पांढरं होतं, त्याची लगेच झेरॉक्स काढा.

स्टार्टर, केबल आणि डीपीवरचं राजकारण

मोटरवर हजारो रुपये घालून स्टार्टरवर पैसे वाचवणारे लोक पाहिले की जीव तुटतो. स्टार्टरच्या पेटीत ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, हवा आणि तो पाटीवरच्या अँपिअरवर लावलेला हवा. सिंगल फेज प्रिव्हेंटर हवा, तीनपैकी एक फेज गेला की तो मोटर बंद करतो. विहिरीचा झरा कमी असेल तर ड्राय रन प्रिव्हेंटरही, तो पाणी संपलं की मोटर बंद करतो. कपॅसिटर लावा. तीन एचपीला एक केव्हीएआर (हे कपॅसिटरचं माप), पाच एचपीला दोन, हा नेहमीचा हिशेब. त्याने लाइनवरचा भार कमी होतो आणि डीपी, म्हणजे आपल्या लाइनचा ट्रान्सफॉर्मर, कमी तापते.

ऑटो स्विच मात्र लावू नका. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते, रात्री उठायला नको, म्हणून सगळे लावतात. पण मग लाइन येताच डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटरी एकाच क्षणी उठतात. मोटर सुरू होताना चालूपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. डीपी जळते, आणि मग गव्हाच्या ऐन पाण्यात सगळ्यांचे पंधरा दिवस जातात. हे एकट्याने पाळून उपयोग नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसून ठरवायला हवं.

केबल तांब्याची, अंतराप्रमाणे जाड. अंतर लांब आणि केबल बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं. अर्थिंग खरंच जमिनीत गेलेलं आहे ना, ते पाहा. दर पावसाळ्यात आपल्या भागात कोणी तरी लोखंडी पेटीला ओला हात लावून जातो. कोरडी लाकडी पाटी पायाखाली आणि पायात चप्पल, एवढं तरी पोरांना शिकवा. डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका, वायरमनची वाट पाहा.

विहिरीत उतरवताना

मोटर केबलने उचलू नका, केबल तुटते किंवा आतली जोडणी सैल होते. दोर वेगळा हवा. पाण्याने भरायची मोटर असेल तर उतरवण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरावं लागतं. घाईत हे राहून जातं आणि पहिल्याच तासात बेअरिंग बसतं. तळाच्या गाळापासून मोटर थोडी वर ठेवा.

सुरू झाल्यावर पाणी कमी वाटलं तर घाबरू नका. थ्री फेज मोटर उलटी फिरत असू शकते. दोन फेजची अदलाबदल केली की सरळ फिरते. मग मिस्त्रीला टाँग टेस्टर, म्हणजे वायरला लावून करंट मोजायचा चिमटा, लावायला सांगा आणि अँपिअर पाहा. पाटीवर साडेसात असताना नऊ-साडेनऊ दाखवत असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला फोन करा. मिस्त्री म्हणेल, "चालते, होते सवय." मोटरला सवय होत नसते.

राखण

चोर मोटर मोटर म्हणून नेत नाही, तांबं म्हणून नेतो. म्हणूनच केबलही कापून नेतात, जाळतात आणि आतली तार किलोवर विकतात. स्प्रिंकलरची पितळी नोझलं तशीच जातात. हे लक्षात घेतलं की राखणीचे उपाय आपोआप सुचतात. माल कापायला, सोडवायला वेळ लागला पाहिजे, आणि विकताना ओळखू आला पाहिजे.

ओळखू येण्यासाठी मोटरच्या अंगावर, पंपावर आणि पेटीवर दोन-तीन ठिकाणी आपली खूण कोरून घ्या. वेल्डिंगवाला पंचने कोरून देतो. गावाचं नाव आणि गट नंबर सर्वांत चांगला. पाटी उपटता येते, कोरलेलं घासायला वेळ लागतो. रंगाने लिहू नका.

वेळ लागण्यासाठी बाहेरच्या बोल्टांची डोकी टॅक वेल्डिंगने, म्हणजे वेल्डिंगचा एकेक ठिपका देऊन, पकडा, दुरुस्तीच्या वेळी ती ग्राइंडरने सुटतात. ओपनवेल मोटरला जाड साखळी लावून ती बांधकामातल्या कडीत अडकवा. केबल उघड्यावर लोंबू देऊ नका. पाइपात घालून दोन फूट खोल पुरली तर उपटायला रात्र पुरत नाही. पेटीला आतल्या बाजूचं कुलूप.

मोबाइल स्टार्टर हल्ली सगळीकडे दिसतो. घरून मोटर चालू-बंद करायला तो चांगलाच. काही प्रकारांत लाइन असताना केबल तोडली किंवा फेज गेला की फोन येतो. पण त्यात सिम असतं आणि ते रिचार्ज करावं लागतं. लोक तेच विसरतात.

जागलीला जाणं हा जुना उपाय. चार शेजाऱ्यांनी पाळी लावली तर तो चालतोही. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या लोकांना मी हे सांगणार नाही. वाघाच्या पट्ट्यात मोटरसाठी रात्री एकट्याने वावरात झोपू नये. मोटर परत घेता येते.

आणि तारेत करंट सोडणं, हे कोणत्याही कारणाने करू नका. चोरासाठी नाही, रानडुकरासाठी नाही. आपल्याच गावचा माणूस, बैल, शेजाऱ्याचं पोरगं त्यात गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होऊ शकतो. वाघ मेला तर वन्यजीव कायदा वेगळा.

गेलीच तर

सकाळी विहिरीवर मोटर नाही असं दिसलं की आधी काही हलवू नका. कापलेली केबल, पायांचे-गाडीचे ठसे, सगळ्याचे फोटो काढा. पोलीस पाटलाला सांगा आणि त्याच दिवशी ठाण्यात जा. चोरीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये येतो. नुसता अर्ज देऊन परत येऊ नका, गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत मागा. ती फिर्यादीला फुकट मिळते. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. नोंदच घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच हकिकत लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. फिर्यादीत मोटरचा सीरियल नंबर आणि कोरलेली खूण लिहिलेली हवी. ती नसेल तर माझ्यासारखं भंगाराच्या ढिगापुढे उभं राहून नुसतं बघावं लागतं.

पंपसंचाचा विमा सरकारी विमा कंपन्यांकडे मिळतो, त्यात चोरी धरलेली आहे का ते लिहून घ्या. दाव्याला एफआयआर आणि बिल दोन्ही लागतात. सौर कृषिपंप योजनेतून पंप घेतला असेल तर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा योजनेतच असतो. बसवणाऱ्या कंपनीला लगेच लेखी कळवा आणि पॅनलचे नंबर बसवले त्याच दिवशी टिपून ठेवा.

जुनी मोटर स्वस्तात मिळत असेल तर विकणाऱ्याचं मूळ बिल मागा. नसेल तर घेऊ नका. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि ती मोटर कोणाच्या तरी विहिरीवरून गेलेली असते. बिल असेल तर वायंडिंगवाल्याकडे मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर, तपासून मगच पैसे द्या.

मोटर खराब निघाली आणि दुकानदार टोलवू लागला

आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. फोनवरचं बोलणं धरलं जात नाही. तोंडी सांगून तीन महिने गेले आणि वॉरंटी संपली, असं बऱ्याच जणांचं होतं. मोटर दुरुस्तीला दिली की तारीख आणि नंबर टाकलेली पावती घ्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. तिथल्या नोंदीनंतर कंपन्या बऱ्याचदा जाग्या होतात.

तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कोइम्बतूरची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. शेतीसाठी घेतलं म्हणजे तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही, असं समोरचा म्हणेल. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच आहे, आणि शेतकरी हा ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तक्रारीला बिल, वॉरंटी कार्ड, पाठवलेली पत्रं आणि त्यांच्या पोचपावत्या जोडायच्या.

मार्चमध्ये गहू निघाला आणि उन्हाळी पीक नसेल, तर मी आता मोटर वर काढतो. चार माणसं आणि अर्धा दिवस लागतो. धुऊन, आतलं पाणी काढून, सावलीत वाळवून कोठ्याच्या आतल्या खोलीत ठेवतो, केबलचं वेटोळं तिच्यावरच. महिन्यातून एकदा दांडा हाताने फिरवून पाहतो, अडकत नाही ना. मृगाच्या आधी पुन्हा उतरवताना कोरलेला गट नंबर घासून स्वच्छ करतो आणि बिलावरच्या नंबराशी पाटी एकदा ताडून घेतो.